वयाच्या ४६ व्या वर्षी सगळं ठीक असूनही दिवस नुसते जातात असं वाटतं. रोजच्या जगण्यात समाधान कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबडला कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे तयार माल तपासायची, नोकरी आहे, घर सिडकोत, हप्ते संपत आलेत, मुलगी बारावीला, आई सोबत राहतात. तक्रार करावी असं काही नाही, तरी काही पुढे सरकत नाहीये असं वाटतं.

आधी एक रुक्ष काम उरका. थकवा आणि चिडचिड सततची असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. जवळचं वाचायचा चष्माही याच वयात लागतो. तो टाळून दिवसभर ड्रॉइंग, व्हर्निअरच्या मापपट्टीवरच्या बारीक रेघा आणि मोबाइल बघितला की संध्याकाळी डोकं जड होणारच. उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, झोप-भूक गेली, तर इथली उत्तरं वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

रिपोर्ट ठीक आले तर माझं निदान असं: तुमच्या हातून पूर्ण होणारं काम उरलेलं नाही. क्वालिटीत आपण दुसऱ्याने केलेलं तपासतो, घरी हप्ते आणि फिया भरतो. दोन्ही गरजेचं, पण 'हे मी केलं, झालं' असं म्हणायला जागा नाही. म्हणून आठवड्यात एक काम असं घ्या की जे सुरू होतं, संपतं आणि चार माणसं ते खातात. नाशिकच्या माणसाला मी रविवारची मिसळ सुचवीन. गंगापूर रोडला रांगेत उभं राहून खायची नाही, घरी करायची.

शुक्रवारी रात्री २०० ग्रॅम मटकी भिजत घाला, चौघांना पुरते. शनिवारी सकाळी पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात बांधा. बुळबुळीत झाली किंवा वास आला तर समजा पाणी राहिलं होतं. रविवारी मोड आलेली मटकी हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटं शिजवा. कुकर नको, त्यात लगदा होतो.

वाटणाला दोन मोठे कांदे उभे चिरून, अर्धी वाटी सुकं खोबरं, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं. कांदा चांगला तपकिरी व्हायला दहा मिनिटं लागतात, खोबरं दोन मिनिटांत करपतं. म्हणून वेगवेगळं भाजायचं, मग सगळं एकत्र वाटायचं. घाईत एकत्र टाकलं की कांदा कच्चा आणि खोबरं कडू, आणि मग मसाल्याला दोष.

खरी परीक्षा तर्रीची. अर्धी वाटी तेलात वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. मग आच अगदी कमी करून दोन चमचे काळा मसाला आणि दोन चमचे तिखट घाला. धूर निघणाऱ्या तेलात तिखट टाकलं तर रंग काळपट होतो आणि घशात खवखव उठते. मसाला पडला की अर्ध्या मिनिटात सहा वाट्या उकळतं पाणी ओता, गार नव्हे. गार पाण्याने तवंग नीट येत नाही. मीठ घालून पंधरा मिनिटं मंद उकळा. तवंग वेगळ्या वाटीत काढून ठेवा, ज्याला हवा तो घेईल. आईंना बीपी असेल तर त्यांना उसळ आणि पातळ रस्सा द्या. फरसाण आणि पापडातलं मीठ त्यांच्या ताटात नको.

आता पुढे सरकण्याचं. दर रविवारी एकच गोष्ट बदला: तेल एक चमचा कमी, नाहीतर तिखटात निम्मी ब्याडगी, नाहीतर खोबरं जास्त. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही, हे क्वालिटीवाल्याला मी काय सांगणार! मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा आणि तारीख, बदल, निकाल लिहा. आईंना प्रमाण विचाराल तर 'अंदाजानं' असंच उत्तर येईल. वाद घालू नका. त्यांनी मुठीत घेतलेलं खोबरं कढईत जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. निकाल मुलीला देऊ द्या; मार्कांचा विषय मात्र त्या ताटावर काढायचा नाही.

यात पुरुषमंडळी हमखास एका ठिकाणी घसरतात. मिसळ साहेबांनी केली, पण सिंकमध्ये अकरा भांडी आणि दर दोन मिनिटांनी 'जिरं कुठंय?' बायकोला सकाळ मोकळी मिळणार नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही. डबे आदल्या रात्री ओट्यावर काढून ठेवा. ओटा पुसून झाल्याशिवाय मिसळ झाली असं धरू नका, आणि कौतुकाची वाट बघू नका.

कागदावर लिहायची हीच सवय कारखान्यात न्या. इतक्या वर्षांत मापं तपासायचा कुठला गेज फसवतो, कुठल्या पार्टची तक्रार पुन्हा पुन्हा येते, हे तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. महिन्याला एक पान: तक्रार, कारण, पकडायची कशी. मग एका ज्युनिअरला ते करायला लावा आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहा. प्रमोशन मिळेलच असं नाही, पण आपलं कसब दुसऱ्याच्या हातात उतरताना दिसतं.

रविवारी ड्यूटी असेल तर सुट्टीच्या वारी करा, पण वार पक्का ठेवा. 'जमेल तेव्हा' म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की मोडांना दीड दिवसही लागतो. तेव्हा मटकी गुरुवारी रात्रीच भिजवा आणि पुरचुंडी झाकणाच्या डब्यात, गॅसजवळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं: शनिवारी रात्रीच मोड तयार होतात, तेव्हा मटकी लगेच फ्रिजमध्ये टाका, नाहीतर सकाळी आंबूस वास येईल.