प्रावरण: आतले पांघरूण

प्रश्न असा आहे: 'वस्त्रप्रावरणे' या शब्दातले प्रावरण म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. मग भूगोलात जमिनीखालच्या थराला प्रावरण कसे म्हणतात? पांघरूण वर असते, हे तर भूकवचाच्या, म्हणजे पृथ्वीच्या सगळ्यात वरच्या पातळ थराच्या खाली आहे. त्यापेक्षा 'मध्यावरण' सरळ नाही का?

शब्द दोन नाहीत, एकच आहे. 'वृ' म्हणजे झाकणे. त्याला 'आ' लागून आवरण झाले, त्याच्यामागे 'प्र' लागून प्रावरण. संस्कृतात प्रावृत म्हणजे पांघरलेला आणि प्रावार म्हणजे अंगावरची शाल. वातावरण, पर्यावरण, अनावरण ही सगळी याच घरातली भावंडे. (प्रावरण टंकताना पर्यावरण होऊन बसते. भूगर्भाच्या लेखात 'पर्यावरणाची जाडी २,९०० किलोमीटर' असे वाचायला मिळाले, तर दचकू नका.)

म्हणजे खटकते ती व्युत्पत्ती नाही, जागा. पांघरूण आत गेले कसे? हे नाव पडले तेव्हा ते खरोखरच सगळ्यात वर होते!

पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट भरते. हातात येणारे बहुतेक खडक मात्र पाण्याच्या जेमतेम पावणेतीन पट जड. तेव्हा आत काहीतरी बरेच जड दडलेले असणार, हे उघड होते. एमिल वीखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्याचा हिशोब मांडला: मध्ये लोखंडी गोळा आणि त्याच्याभोवती दगड. या दगडी भागासाठी जर्मनमध्ये आला 'मांटेल', म्हणजे साधा अंगातला कोट. इंग्रजीतला मँटलही झगाच, आणि दोघांचे मूळ लॅटिनमध्ये. आपले प्रावरण हा त्याचाच प्रतिशब्द. वीखर्टच्या चित्रात थर दोनच होते, अंग आणि कोट. कोटावर आणखी काही नव्हते.

कोटावरचा पातळ थर वेगळा काढला तो मोहोरोव्हिचिच या क्रोएशियन भूकंपशास्त्रज्ञांनी. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात भूकंप झाला. त्याच्या नोंदी तपासताना त्यांना दिसले की एकाच भूकंपाच्या लहरी काही ठिकाणी दोन खेपांत पोचल्या आहेत. खाली खोलवर जाऊन लांबच्या वाटेने आलेल्या लहरी, जवळच्या वाटेने आलेल्यांच्या आधी हजर! म्हणजे खालचा खडक वेगळा, लहरींना जास्त वेगाने नेणारा. ती सीमा म्हणजे पाठ्यपुस्तकातली मोहो विलगता. तिच्या वरचे ते भूकवच: महासागरांखाली पाच-दहा किलोमीटर, खंडांखाली साधारण ३० ते ५०, मोठ्या पर्वतांखाली ७० पर्यंत. कोटाचा वरचा पापुद्रा असा निराळा निघाला, आणि कोटाचे नाव उरलेल्या भागाला तसेच चिकटून राहिले.

तेव्हा प्रावरण हा शब्द आतून बाहेर बघत वाचायचा. ते पांघरूण आपले नव्हे, गाभ्याचे, म्हणजे मधल्या त्या लोखंडी गोळ्याचे. गाभा हाही 'गर्भ'वरून आलेला, म्हणून जोडी चांगली जमली आहे. फक्त या पांघरुणाचे माप अचाट आहे. गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर आणि त्यावरचे पांघरूण २,९०० किलोमीटर जाड. पृथ्वीच्या आकारमानाचा ८४ टक्के भाग एकट्या प्रावरणाचा. पांघरणाऱ्यापेक्षा पांघरूणच पाचपट!

'मध्यावरण' समजायला सोपे आहे, हे मान्य. पण ते नुसता क्रमांक सांगते, कोणी कोणाला वेढले आहे ते सांगत नाही. माझे मत प्रावरणालाच.

खरे तर माझी तक्रार 'भूकवच' या शब्दाबद्दल आहे. कवच म्हटले की बाहेरून चढवलेले, रक्षण करणारे चिलखत डोळ्यांसमोर येते. हा थर तर खालच्या प्रावरणातूनच पाझरून वर आला आणि थिजला. त्याला नेमकी उपमा हवी तर ती खपलीची. पण 'भूखपली' कोण म्हणणार? शिवाय भूकवच आणि शिलावरण यांत गल्लत होते, तीही टाळावी. शिलावरण म्हणजे भूकवच अधिक प्रावरणाचा वरचा ताठ भाग, मिळून साधारण १०० किलोमीटर. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे जे अवाढव्य तुकडे सरकतात, ते भूपट्ट या शिलावरणाचे बनलेले असतात, नुसत्या कवचाचे नव्हे.

राहिली एक चुकीची सवय, 'प्रावरणातला लाव्हा'. जमिनीखाली असताना तो शिलारस, बाहेर पडला की लाव्हा. आणि प्रावरण काही शिलारसाची कढई नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून आरपार जातात. म्हणजे ते घन आहे. वितळलेला खडक तिथे ठिकठिकाणी, थोडा थोडा तयार होतो. हा घन खडक वाहतोसुद्धा, पण वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखे वाढतात त्या बेताने. म्हणून 'प्रावरण वाहते' हे वाक्य बरोबर आणि 'प्रावरण वितळलेले आहे' हे चूक. खळखळणारे, द्रव असे काही हवेच असेल तर आणखी खाली, बाह्यगाभ्यापर्यंत उतरावे लागेल, आणि तिथेही वितळलेला दगड नाही, लोखंड आहे.