नाताळची टर्की आणि रक्तदाब

प्रश्न : नाताळला अख्खी टर्की भाजणार आहे. सासऱ्यांना रक्तदाब आहे. पथ्य सांभाळूनही मांस कोरडे पडू नये, यासाठी काय करावे? — एक वाचक, लष्कर भाग, पुणे

उत्तर : लोण्याआधी मिठाकडे पाहा. गोठवलेल्या टर्कीत पुष्कळदा मिठाचे पाणी आधीच भरलेले असते, म्हणून वेष्टनावरील सोडियमचा आकडा वाचून घ्यावा आणि ती पुन्हा मिठाच्या पाण्यात मुळीच मुरवू नये. लसूण, मिरपूड, लिंबाची किसलेली साल आणि दोन चमचे तेल यांचे वाटण बोटांनी हलकेच कातडीखाली, छातीच्या मांसावर पसरावे. कातडीसकट भाजल्याने ओलावा टिकतो. वाढताना मात्र ती काढावी, कारण बरीचशी चरबी तिथेच असते. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसलेला तापमापक ७४ अंश सेल्सिअस दाखवील, तेव्हाच ओव्हन बंद करावा.