आधी त्याला सांग

प्रिय पोरी,

फॅक्टरीत कामगारांशी कडक राहू की मिळूनमिसळून, असं विचारलंयस. त्याचं उत्तर मी देणार नाही. मला तुझ्या मेसेजमधलं एक साधं वाक्य टोचलं. खराब मालाचे, रिजेक्शनचे, फोटो फॅक्टरीच्या ग्रुपवर टाकल्यापासून काका फक्त ‘हो मॅडम’ म्हणतात, असं तू लिहिलंयस. अगं, ज्याला काका म्हणतेस त्याचं नाव, मशीन नंबर आणि ट्रेभर खराब माल तू ग्रुपवर टाकलास. त्या ग्रुपात प्लांट हेड आहेत, एचआर आहे, ठेकेदाराचा माणूसही आहे. काकांशी मात्र तू तोवर एक शब्द बोलली नव्हतीस. तू शाळेत होतीस तेव्हापासून तो माणूस बुटीबोरीच्या एमआयडीसीत प्लास्टिकचं मोल्डिंग मशीन चालवतोय. त्याने दुसरं काय म्हणावं अशी तुझी अपेक्षा होती?

ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्याला आधी सांग. मग साहेबाला सांग, एचआरला सांग, ग्रुपवर टाक, मेमो दे. मेमो द्यायला माझी ना नाही, मीही दिलेत. पण मेमो हातात पडेपर्यंत त्यातलं प्रत्येक वाक्य त्या माणसाने माझ्या तोंडून ऐकलेलं असायचं.

आता बोलायचं कसं, तेही सांगतो, कारण इथेच सगळे घसरतात. मशीनपाशी बोलू नकोस. तिथे आवाजामुळे ओरडावं लागतं आणि आजूबाजूचे धरून चालतात की याला झापलं. पाळी सुटताना तर मुळीच नाही, तेव्हा त्याचा जीव गेटबाहेरच्या बसमध्ये असतो. पाळी लागायच्या आधी पंधरा मिनिटं गाठ. खराब तुकडा त्याच्या हातात ठेव, ‘काका, हा असा का येतोय?’ एवढं विचार आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, मला माहीत आहे. तरी बस. तो आधी तुकडा उलटसुलट करून बघेल, मग तुझ्याकडे बघेल, आणि अंदाज घेईल की हिला खरंच ऐकायचंय का. तेवढा वेळ त्याला दे. मग कदाचित सांगेल, ‘मॅडम, चेक रिंग झिजली आहे, कुशन टिकत नाही, मेन्टेनन्सले कवाचं सांगून ठेवलं.’ किंवा सांगेल की रात्री रिग्राइंड, म्हणजे दळून परत वापरलेलं प्लास्टिक, किती पडतंय ते कुणी बघतच नाही. शॉर्ट शॉट आला, साचा अर्धवट भरला, म्हणजे ऑपरेटर झोपला होता, हे तू कशावरून ठरवलंस? चेक रिंग झिजून वितळलेला माल मागे सरकत असेल, दाबायला पुढे कुशनच उरत नसेल, तर साचा भरणार कसा? चूक त्याची निघालीच, तर तेही तिथेच, दोघांत, सरळ शब्दांत सांग. गोडीगुलाबीने गुंडाळू नकोस. त्यालाही ते आवडत नाही.

मशीनमधलं ऑपरेटरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं, याची तुला लाज वाटते असं दिसतंय. कळणारच. जमशेटजी टाटांनी १८७७ साली आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि ती चालवायला बेझनजी मेहतांना आणलं. ते रेल्वेतले, कापडाच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. तरी मिल चालली, नावारूपाला आली. आणि कामगारांच्या मोटिव्हेशनचं म्हणशील, तर त्याच मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये! तुमच्याकडे मात्र बाहेरून वक्ता बोलावतात, टाळ्या वाजवायला लावतात आणि शेडमधला कूलर बंद तो बंदच. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, मशीनचं प्लास्टिक वितळवणारं बॅरल सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्या दोहोंच्या मध्ये उभ्या माणसाला तू ‘टीम स्पिरिट’ सांगणार? अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी द्या, हे १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. आधी पाणी बघ, पंखे बघ, ओव्हरटाइमचा हिशेब बघ.

नवा कूलर मंजूर होणं तुझ्या हातात नाही, मान्य. पण यंदा येत नाही, हे त्यांना तुझ्याकडूनच आधी कळलं पाहिजे. ठेकेदाराच्या माणसाकडून कॅन्टीनमध्ये कळलं, की तू संपलीस. अप्रेझलचंही तेच. मार्चमध्ये कागदावर कमी रेटिंग बघून माणूस चकित झाला, तर वर्षभर तू काय करत होतीस?

तू म्हणशील, सर, तुमचा काळ वेगळा होता. नव्हता. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण एकदा वरून हुकूम आला की माणसं कमी करायची आहेत, गुपचूप यादी दे. मी म्हटलं, यादी देतो, पण त्यातल्या प्रत्येकाला आधी मी सांगणार. साहेब म्हणाले, शिस्तभंग होतोय. मी सांगितलंच. एकेकाला बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन सांगितलं. एक जण रडला, एकाने मला शिव्या घातल्या, आणि बरेच जण पगार चालू असतानाच हिंगण्याला दुसऱ्या कारखान्यात चिकटले. मला स्टोअरमध्ये बसवलं. प्लांट हेडची खुर्ची माझ्यानंतर लागलेल्या माणसाला मिळाली. घरी अजूनही निघतं, तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ती खुर्ची मला हवी होती, खोटं कशाला सांगू? अजूनही वर्धा रोडवरून त्या गेटसमोरून जाताना मान वळतेच. पण त्या यादीतल्या कुणाला वॉचमनने गेटवर अडवून ‘तुमचं नाव नाही’ म्हणून सांगितलं नाही. हट्टीपणा म्हणा, अहंकार म्हणा, मी पुन्हा तेच करीन.

तुला माझ्याइतकी किंमत द्यावी लागणार नाही. तुझं प्रकरण अजून एका ट्रेचं आहे. ग्रुपवरचा तो फोटो डिलीट करून उपयोग नाही, सगळ्यांनी बघितलाय. काका या आठवड्यात दुसऱ्या पाळीला आहेत ना? मग उद्या पावणेतीनला गेटपाशी उभी राहा. फोटो टाकण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं होतं, एवढं म्हण आणि तुकडा पुढे कर. चेक रिंगचं निघालं, तर मेन्टेनन्सला त्याच ग्रुपवर लिही, आणि हे कुणी दाखवून दिलं तेही नावानिशी लिही. मात्र लिहिण्याआधी त्यांना विचार. काही जणांना तसं नाव आलेलंही नको असतं.

आणि हो, मलाही तू हे सगळं त्यांच्याआधी सांगितलंस. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत मला फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुझा,
सर