‘लो’ म्हणजे खालचा, पण कशाच्या खालचा?

प्रश्न असा आहे: इंग्रजी बातमीत तापमान ‘इन द लो ट्वेंटीज’ म्हणतात, म्हणजे विसाच्या खाली का? आणि एखादा संघ ‘रँक्स लो’ म्हणजे त्याचा नंबर लहान की मोठा?

विसाच्या खाली नाही. २० ते २९ या घरातला खालचा भाग, साधारण २० ते २३. पुढे ‘मिड’, आणि २७-२८ झाले की ‘हाय’. बातमी अमेरिकेची असेल तर हे फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे पाच-सहा; स्वेटरने भागणार नाही. वयाला मात्र ‘लो’ लावत नाहीत, तिथे ‘अर्ली’ आणि ‘लेट’. आपण विशी, तिशी, चाळिशी म्हणतो तीही वयालाच (चाळिशी चष्म्यालासुद्धा!). ‘पारा विशीत आहे’ असं काही आपल्या तोंडी येत नाही.

रँकचं उलट. तिथे ‘लो’ आकड्याला नसून यादीतल्या जागेला आहे. पहिला नंबर कागदावर सगळ्यात वर, म्हणून ९८वा ‘लो’. ४० वरून ६० वर गेलं तर आकडा वाढला, तरी रँक ‘फॉल’ झाली. आपणही ‘क्रमांक घसरला’ असंच म्हणतो की! घोटाळा होतो तो ‘लोअर नंबर’मुळे: नंबर लहान, तर रँक वरची.

शेवटून दुसऱ्याला ब्रिटिश ‘लास्ट बट वन’ म्हणतात, अमेरिकन ‘नेक्स्ट टु लास्ट’.

आणि अगदी तळाला ‘वुडन स्पून’, माझा लाडका शब्द. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत गुणवत्ता यादी लागायची. सर्वांत वरचा सीनियर रँग्लर. १८९९ साली तो मान बरोबरीने मिळवणारे आपले रँग्लर परांजपे. त्याच यादीत सर्वांत खाली असलेल्याला मित्रमंडळी लाकडी चमचा द्यायची. तो नापास नसे बरं का, ऑनर्स मिळवणाऱ्यांतला शेवटचा. पदवी घेताना सिनेट हाउसच्या सज्जातून त्याच्यापुढे चमचा लोंबकळत सोडत. १९०९ नंतर क्रमवारी जाहीर करणं बंद झालं. शेवटचा चमचा मिळाला तो गडी नावाडी होता, म्हणून त्याचा चमचा वल्ह्याचा केला होता, मीटरभराहून लांब.

आता रग्बीच्या सिक्स नेशन्समध्ये तळाला राहिलेल्या देशाने ‘वुडन स्पून’ घेतला असं लिहितात. चमचा मात्र कोणी देत नाही.