टाईप १ मधुमेह झालेली मुले किती वर्षे जगतात?

आपल्या ९ वर्षांच्या मुलीला महिन्यापूर्वी टाईप १ मधुमेहाचे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणे थांबते त्या मधुमेहाचे, निदान झाले. ती किती वर्षे जगेल आणि तिच्या शिक्षणासाठी राखलेली ठेव आता उपचारासाठी मोडावी का, असे आपण विचारले आहे. केवळ पहिलाच प्रश्न असता, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो.

मला हा आजार १९८४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. तासगाव तालुक्यातील आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता, त्यामुळे इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून माठात ठेवली जाई, काचेची सिरिंज आई चहाच्या आधी उकळून घेई आणि रक्तातील साखर घरी मोजण्याची सोय नसल्याने वडील, म्हणजे आबा, रोज सकाळी परीक्षानळीत बेनेडिक्टचे द्रावण घेऊन त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकून ते तापवत. द्रावण निळे राहिले तर ठीक, विटकरी झाले तर घरात कोणी बोलत नसे. द्राक्षाच्या पानामागे डाऊनी रोग आला आहे का, हे ते ज्या बारकाईने पाहत, त्याच बारकाईने ती नळी उजेडाकडे धरत. बाटल्या आणायला थर्मास घेऊन एसटीने सांगलीला जात. इन्सुलिन संपले म्हणून माझे इंजेक्शन त्यांनी एकदाही चुकू दिले नाही.

याच माणसाने १९९९ मध्ये बागेची अडीच एकर जमीन एकट्या धाकट्या भावाच्या नावावर केली. निदानाच्या दिवशी एका डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन ‘चाळिशी गाठली तर पुष्कळ’ असे सांगितले होते आणि ते त्यांनी पंधरा वर्षे पोटात ठेवले होते. मी तेव्हा २६ वर्षांचा होतो, नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. “उद्या तुझं लग्न होईल. तुझ्या माघारी तुझ्या बायकोनं दिराशी भांडत बसण्यापेक्षा आत्ताच मिटलेलं बरं,” असे ते म्हणाले. मी हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली, कारण तो आकडा ऐकल्यावर मलाही तो खराच वाटला.

तो आकडा तेव्हाही शिळा होता. टोरांटोमध्ये १९२२ साली इन्सुलिनचे एक शोधकर्ते बँटिंग यांनी जिला इन्सुलिन सुरू केले, ती एलिझाबेथ ह्यूज १९८१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ७३ व्या वर्षापर्यंत जगली. साखर काटेकोर सांभाळल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात, हे अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाने १९९३ मध्ये, म्हणजे माझ्या सहीच्या सहा वर्षे आधी, सिद्ध केले होते. अलीकडचा हिशेब हवा असेल, तर स्कॉटलंडमधील २००८ ते २०१० या काळातील नोंदींनुसार टाईप १ असलेल्या वीस वर्षांच्या पुरुषाला सरासरी आणखी ४६ आणि स्त्रीला ४८ वर्षे होती. हा आजार नसलेल्यांच्या तुलनेत ही तूट अनुक्रमे सुमारे ११ आणि १३ वर्षांची होती. ज्यांची मूत्रपिंडे उत्तम होती, त्यांच्यात ती आठ वर्षांच्या आसपास होती. आकडे याहून पुढे आपल्याला काही सांगणार नाहीत.

मला चाळीस पूर्ण झाली त्या दिवशी, २०१३ मध्ये, आबा सकाळच्या एसटीने पेढे घेऊन आमच्याकडे आले. पुडा त्यांनी माझ्या हातात न देता सुनेच्या हातात दिला, मला नेहमीप्रमाणे ‘सकाळची किती आली?’ असे विचारले आणि जेवून दुपारच्या गाडीने परत गेले. जमिनीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दोन वर्षांनी ते वारले. आज मी ५२ वर्षांचा आहे आणि भाऊ अजूनही म्हणतो, की आबांनी माझ्या औषधांवर जो पैसा घातला, तीच माझी वाटणी होती.

म्हणूनच सांगतो, ती ठेव मोडू नका. आजारपणाचा खर्च हा घराचा खर्च आहे, तो त्या मुलाच्या वाट्यातून कापायचा नसतो. घरात धाकट्याला गोवर झाला तेव्हा त्याच्या हिश्शातून कोणी सुया वजा केल्या नव्हत्या. साखर तपासायच्या पट्ट्या आणि इन्सुलिन यांचा खर्च महिन्याच्या किराण्यात धरा, सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मोफत मिळते का याची चौकशी करा आणि मग लागलेच तर कर्ज काढा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवे होते. माझे सगळे सुरळीत गेले असेही नाही: डाव्या डोळ्याला २००६ मध्ये लेसर करावे लागले आणि झोपेत साखर उतरल्याने पत्नीने मला दोनदा ग्लुकोज पाजून शुद्धीवर आणले आहे. मुलीला उलट्या होत असल्या, ती जेवत नसली, तरी तिचे इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. लघवीतील किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा आणि तिला तडक दवाखान्यात न्या. बाटली दर मिलीला ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० चीच घ्या, १०० ची घेतल्यास मात्रा चुकते. ठेवीची मुदत संपली, की ती पुन्हा तिच्याच नावावर ठेवा. तिला भाऊ असला, तरीही.