कोणत्या शास्त्रात?

“जीवशास्त्र मन लावून शिकले तर माझा विश्वास जाईल का?” असे विचारणारी ख्रिस्ती मुले-मुली गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी इतक्या वेळा आली आहेत, की याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

ती नगर जिल्ह्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा विषय प्राणिशास्त्र होता. वडील शाळेत शिक्षक असून रविवारच्या उपासनेत वचन वाचत. ती आली होती झोप लागत नाही म्हणून. तिसऱ्या भेटीत कळले की सत्रपरीक्षेत नैसर्गिक निवडीवरचा, म्हणजे परिस्थितीला अधिक जुळणारे जीव टिकून सजीव पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलतात या डार्विनच्या सिद्धांतावरचा, दहा गुणांचा प्रश्न, उत्तर तोंडपाठ असूनही, तिने कोरा सोडला होता.

“लिहिलं असतं तर देवाला नाकारल्यासारखं झालं असतं, मॅडम. आणि नाही लिहिलं, तर आता अभ्यासाशी खोटं वागल्यासारखं वाटतंय.”

देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली असे बायबलच्या आरंभी आहे, आणि डार्विनचे म्हणणे तिला त्याच्या विरुद्ध वाटत होते. मी तिला धीर द्यावा म्हणून काही नावे सांगितली. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या रोपांवर शोधणारे मेंडेल हे मठात राहणारे धर्मगुरू होते. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याची बाजू मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. मानवी जनुकसंच वाचण्याच्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स आपली श्रद्धा उघडपणे सांगतात. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “ती मोठी माणसं, मॅडम. त्यांच्या घरी माझे पप्पा नव्हते.”

उदाहरणांनी डोके पटते, पण भीती जिथे बसलेली असते तिथवर ती पोहोचत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. घटना माणसाला जितकी छळत नाही तितके त्या घटनेविषयी मनात घोकले जाणारे वाक्य छळते, अशी माझी धारणा आहे, आणि म्हणून मी नेहमी त्या वाक्याच्या शोधात असते. पुढच्या भेटीत ते अनपेक्षितपणे हाती लागले.

“पण शास्त्रात तसं नाही ना!” ती कळवळून म्हणाली.

मी ख्रिस्ती नाही. माझ्या कानाला ‘शास्त्र’ म्हणजे विज्ञान. मी खरोखरच न कळून विचारले, “कोणत्या शास्त्रात?”

ती थबकली. बराच वेळ काही बोलली नाही. मग सावकाश म्हणाली, “आमच्या घरी बायबलला शास्त्रच म्हणतात. आणि पप्पा माझ्या पुस्तकांनाही शास्त्रच म्हणतात. ‘शास्त्र वाचलंस का?’ असं विचारलं की मी म्हणायचे, कोणतं?”

“तुमच्या घरात पहिल्यांदा वाचायला कोण शिकलं?”

“पणजी. मिशनच्या शाळेत. शास्त्र वाचता यावं म्हणून तिला अक्षरं शिकवली.” आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आले. “म्हणजे ती शिकली म्हणूनच मी इथे आहे.”

नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि तिच्यासारख्या अनेक घरांत श्रद्धा व अक्षर एकाच दारातून आत आले. तिच्या मनातले वाक्य होते, “एक खरे असेल तर दुसरे खोटेच असले पाहिजे.” त्यातला तो ‘च’ तिला कोणी शिकवला, हे आम्ही शोधू लागलो. पप्पांनी तसे कधीच म्हटले नव्हते, कारण त्यांना तिने कधी विचारलेच नव्हते. तिला भीती डार्विनची नव्हती. पप्पांना आपण खोटे ठरवू, याची होती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत ही भीती शेवटी अशाच एखाद्या माणसापाशी जाऊन थांबते.

सुट्टीत तिने घरी विषय काढला. माणसाच्या उत्पत्तीबद्दल पप्पांचे मत बदलले नाही. मात्र ते म्हणाले, “सूर्य चौथ्या दिवशी केला, मग आधीचे तीन दिवस कसे मोजले, हे मुलांनी विचारलं तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं. तू शीक. पेपर कोरा सोडू नकोस.”

अशा विद्यार्थ्यांना मी सांगते की ‘उपलब्ध पुराव्यांवरून असे दिसते’ हे उत्तरपत्रिकेतले विधान म्हणजे मंडळीत (चर्चमध्ये) उभे राहून म्हटलेला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, नव्हे. जे पटत नाही तेही पूर्ण समजून घ्या. अर्धवट वाचून नाकारलेली गोष्ट मनाला अधिक पोखरते. सगळ्या ख्रिस्ती परंपरांचे मत एक नाही, हेही लक्षात घ्या: कॅथॉलिक पंथात पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयीच्या संशोधनाला व चर्चेला मुभा दिली होती, आत्मा मात्र देव निर्माण करतो हे कायम ठेवून. काही मंडळ्या सृष्टीचे ते सहा दिवस शब्दशः मानतात, आणि तुमची मंडळी तशी असेल तर हा ताण खरा आहे; तो एका सत्रात सुटलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्गात कोणाच्या श्रद्धेला हसू नये, कारण हसले गेलेले मूल त्या दिवसापासून प्रश्न विचारणे सोडते.

तिची झोप हळूहळू सुधारली आणि पुढच्या सत्रात तिने तो प्रश्न लिहिला. आता पप्पा दर रविवारी उपासनेनंतर फोनवर आठवड्यात काय शिकलीस ते विचारतात. चिंपांझीची गुणसूत्रे ४८ आणि माणसाची ४६ का, आपले दुसरे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे जोडली जाऊन कसे बनले, हे तिने मागे त्यांना समजावले. पप्पा बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, “घरी येशील तेव्हा आकृती काढून दाखव.”