सर्वांत श्रेष्ठ ड्रमर कोण, हे ठरवायचं तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतल्या तुमच्या बँजो पार्टीत रोज वाद होतो. कुणी जॅझवाल्या बडी रिचचं नाव घेतं, कुणी रश बँडच्या नील पर्टचं, कुणी लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जॉन बोनहॅमचं, आणि एखादा म्हणतो की झाकीर हुसेन यांच्यापुढे सगळे फिके. मग खरा श्रेष्ठ कोण आणि कशावरून?

ड्रमसेटपुरतं माझं उत्तर बोनहॅम. पण त्याआधी वेगाचा निकष बाजूला ठेवा, कारण तुमचा निम्मा वाद त्यावरच चालला असणार. बडी रिच (१९१७–१९८७) अफाट वेगवान होता, पण त्याचा रोल (दोन्ही काड्यांनी सलग वाजवलेले जलद ठोके) हळू करून ऐका. मोठेपण दिसतं ते प्रत्येक ठोक्याच्या सारखेपणात. डावा कुठला, उजवा कुठला, ते कानाला कळत नाही. वेग मेहनतीने पुष्कळांना येतो. संथ लयीत दोन ठोक्यांमधली जागा जशीच्या तशी राखणं फार थोड्यांना जमतं.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका. त्यातून १०० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही आणि बेस ड्रमचा मूळ घुमारा तिथेच असतो. म्हणजे ड्रमरचा पाय न ऐकताच तुम्ही त्याला मार्क देता. बरे हेडफोन घ्या, किंवा पार्टीचा बेस स्पीकर लावा. दुसरी गोष्ट, १९६०–७० च्या दशकांतली बहुतेक रेकॉर्डिंग मेट्रोनोमशिवाय (टकटक करून लय दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) झालेली आहेत. कडव्यातून धृपदाकडे जाताना लय किंचित चढते, त्याला चूक धरू नका. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये ठोके बऱ्याचदा संगणकावर सरळ रेषेत आणलेले असतात. ते ऐकून ‘नवा ड्रमर जास्त पक्का’ म्हणणं जुन्यांवर अन्याय आहे.

आता खरी कसोटी. हाफ-टाइम शफल नावाचा एक ठेका आहे. तो नावारूपाला आणला अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डीने, बोनहॅमने १९७९ मध्ये ‘फूल इन द रेन’मध्ये तो आपल्या पद्धतीने वाजवला, आणि टोटो बँडच्या जेफ पोर्कारोने या दोघांकडून घेऊन १९८२ च्या ‘रोझॅना’मध्ये त्याला बो डिडली या रॉक-अँड-रोल गायकाच्या ठेक्याची जोड दिली. तिघेही थोर, ठेका एकच, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. आणि हा ठेका स्वतः वाजवून बघितल्याशिवाय त्यातली अवघड जागा समजत नाही.

चार मात्रा घ्या, प्रत्येक मात्रेचे तीन भाग, एकूण बारा. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर), प्रत्येक मात्रेच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागावर. डावा हात स्नेअरवर (समोरच्या करकरीत आवाजाच्या ड्रमवर), प्रत्येक मात्रेच्या मधल्या भागावर, अगदी हलका. काडी कातड्यापासून इंचभरच वर. यांना घोस्ट नोट म्हणतात. मोठा ठोका एकच, तिसऱ्या मात्रेच्या पहिल्या भागावर, काडी आठ-दहा इंच वरून. पाय सुरुवातीला फक्त पहिल्या मात्रेवर. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि बारापर्यंत मोठ्याने मोजत वाजवा.

बिघडतं ते बहुधा एकाच जागी. मोठ्या ठोक्यानंतर लगेच पुढच्याच भागावर त्याच डाव्या हाताला हलका ठोका द्यायचा असतो. मोठ्या ठोक्यानंतर काडी उसळून वर जाते, तिथून खाली येताना हलका ठोका जड पडतो आणि ठेका लंगडतो. म्हणून मोठा ठोका मारताच काडी कातड्याजवळच थांबवायची, वर जाऊच द्यायची नाही. दुसरी चूक उजव्या हाताची. थकवा आला की तिसरा भाग उशिरा पडू लागतो आणि तीनाचा झोका जाऊन चाराची चाल येते. पाच मिनिटं रेकॉर्ड करून फक्त शेवटचं मिनिट ऐका, दोन्ही दोष तिथे सापडतात. हे ऑक्टोपॅडवर तपासू नका. थ्रेशोल्ड (पॅडला ठोका कळायला लागणारा किमान जोर) जास्त असेल तर हलके ठोके पॅड पकडतच नाही, आणि वाजवणारा निर्दोष वाटतो.

घोस्ट नोट ही काही परकी गोष्ट नाही. कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगीवाल्याच्या डाव्या हातातली बारीक काडी बघा. उजवा हात बोल देतो आणि ती काडी मधल्या फटी भरत राहते. हलगी, घुमकं आणि कैताळ हे तिघांचं काम एकाच माणसाने बसून करायचं, म्हणजे ड्रमसेट. पायाने वाजणारं पेडल आलं म्हणून ते शक्य झालं. लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये त्या पेडलवरच आपला कारखाना उभा केला.

तर बोनहॅम का? एक, त्याचा उजवा पाय. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच ज्या गाण्याने होते, त्यात बेस ड्रमवर जलद तिय्ये (तीनाच्या विभागणीचे ठोके) येतात. ऐकणाऱ्यांना दोन पेडल वाटतात, पण पेडल एकच आहे. दोन, आवाज. १९७१ च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी, सेट मांडला आणि जिन्यावरून दोन माइक सोडले. इतक्या लांबून माइक लावले की प्रत्येक ढोल वेगळा सुधारता येत नाही, वाजवणाऱ्यानेच हात आणि पाय यांचा तोल राखावा लागतो. तो ठेका पुढे असंख्य गाण्यांत उचलला गेला. तीन, या ताकदीच्या माणसाने वर सांगितलेला नाजूक शफलही वाजवला. एकाच माणसात हे तिन्ही मला दुसरीकडे सापडत नाही.

याविरुद्ध सर्वांत भक्कम नाव नील पर्टचं नाही, टोनी विल्यम्सचं आहे. १९६३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात आला आणि राइड सिंबलवर (लय चालू ठेवायच्या मोठ्या झांजेवर) लय धरून ती हवी तशी ताणायला लागला. जॅझ ऐकणाऱ्याने त्याला वर ठेवलं तर मी हरकत घेणार नाही. पर्टचा मला आदर वाटतो तो वेगळ्याच कारणाने. जगभर नाव झाल्यावर, चाळिशीत, तो फ्रेडी ग्रूबर या ड्रमच्या शिक्षकाकडे पुन्हा शिकायला बसला. आणि क्लाइड स्टबलफील्डला विसरू नका. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधली त्याची काही सेकंदं हिप-हॉपमध्ये शेकडो वेळा वापरली गेली, पण लेखनश्रेयात त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे हक्काचा पैसाही मिळाला नाही. वादात त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांना या यादीत धरू नका, आणि त्यात त्यांचा कमीपणा नाही. ड्रमसेटमध्ये दोन हात आणि दोन पाय यांची वाटणी असते. तबल्यात दहा बोटं, दायाँ षड्‌जात मिळवलेला, आणि बायाँवर मनगटाच्या दाबाने सूर वरखाली सरकवणं. कसोट्याच वेगळ्या आहेत. तबल्याची यादी करायची तर अहमदजान थिरकवांपासून सुरू करा. ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते. १८४३ मध्ये जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं, त्या सांगलीत तरी हे नाव वादात आधी यायला हवं. दोन्ही याद्यांत बसणारा एकच सुचतो, त्रिलोक गुर्टू. शोभा गुर्टूंचा हा मुलगा जमिनीलगत बसून ड्रम आणि तबला एकाच मांडणीत वाजवतो, आणि झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतो.

पुढच्या वेळी वाद पेटला की आधी तो बारा भागांचा ठेका प्रत्येकाला ६० च्या लयीत पाच मिनिटं वाजवायला लावा, आणि मगच पर्डी, बोनहॅम, पोर्कारो याच क्रमाने तिघांना ऐका.